पन्नाची न फुटणारी काच

फोन आला तेव्हा मी धुळ्यात माझ्या घरी चहाचा कप हातात घेऊन खोलीत फेऱ्या मारत होतो. बसून चहा पिण्याची सवय मला कधी लागली नाही, आणि ती लागू न देणारा जो माणूस होता, त्याच्याच सुनेचा तो फोन होता. "काका, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. मी कप ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. पायात चपला घालून फाटकापर्यंत गेलो आणि पिशवी घ्यायला परत आलो. पिशवीत काय भरायचं ते सुचेना, म्हणून तशीच रिकामी घेऊन जळगावच्या गाडीत बसलो. पारोळा मागे पडेपर्यंत डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, नुसता राग होता. पन्नालालवर माझा एक जुना राग आहे. तो त्याच्या हयातीत फिटला नाही, आणि आता तो कुणावर काढायचा, हे कळत नाही. त्याला आता महिना होत आला, तरी मी असाच घरभर फिरतो आहे. बायको म्हणते, लिहून टाका एकदाचं. म्हणून हे लिहायला बसलो… बसलो म्हणजे मधूनमधून बसतो.

जळगावात त्याला सगळे पन्नाशेठ म्हणायचे. दाणाबाजारात त्यांची आडत, वाडवडील राजस्थानातून आलेले, घर जैन, शिस्तीचं. मी यावलकडचा, केळीवाल्यांच्या घरातला पाटील. धुळ्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसलो ते केवळ योगायोगानं, पण पुढे चार वर्षं तो बाक आम्ही सोडला नाही. म्हणजे मी सोडला नाही. पन्ना त्या बाकावर कधी पाच मिनिटं स्थिर बसलेला मला आठवत नाही. त्याचा गुडघा सारखा हलायचा आणि त्याच्याबरोबर बाक हलायचा, आणि माझं अक्षर जे एकदा बिघडलं ते बिघडलंच. मास्तर म्हणायचे, "तुझ्या पायाला काय चाकं लावलीत का रे?" तो म्हणायचा, "अजून नाही सर, पण लावणार आहे." वर्ग हसायचा. पन्ना मात्र ते अगदी मनापासून बोललेला असायचा.

ती चाकं त्याला मिळाली साठचं दशक संपता संपता. एका गिरणीतले परदेशी साहेब कायमचे मायदेशी निघाले होते आणि त्यांची दोन माणसांची उघडी मोटार इथेच टाकून चालले होते. लाल रंग विटून विटेसारखा झालेला, वर कापडाचं छत, बसल्यावर बूड जमिनीला टेकतं की काय अशी भीती वाटावी इतकी बुटकी. पन्नानं वडिलांच्या, म्हणजे बापूजींच्या, इतकी पाठ धरली की शेवटी त्यांनी ती घेऊन दिली. एकुलता एक मुलगा. त्यात बाईंचा शब्द पडला. बाई म्हणजे त्याची आई. त्यांच्या घरात आईला बाईच म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणायला लागलो. त्या मोटारीतून आम्ही जळगाव-धुळे रस्ता किती वेळा तुडवला असेल याला गणती नाही. मी डावीकडे बसायचो आणि समोर बैलगाडी दिसली की माझा पाय आपोआप खाली दाबला जायचा. पन्ना ते बघायचा आणि मजेत ओरडायचा, "काहून दाबून राह्यला पाटील? तिथं ब्रेक नाही!" मला ते ठाऊक होतं. पायाला ठाऊक नव्हतं.

मग लळिंगच्या घाटात एका ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला आणि मोटारीच्या पुढच्या काचेवर बसला. काच आमच्या मांडीवर आली. नशीब बलवत्तर म्हणून डोळे वाचले. पण तशी काच मिळायची कुठून? परदेशी माल येणं बंद, आणि त्या मोटारीची काच किंचित बाक असलेली. आपल्याकडचा काचवाला सपाट काच कापून देईल, बाक कुठून आणणार? महिनाभर पन्ना डोळे किलकिले करून, माश्या-चिलटं खात मोटार चालवत होता. आणि त्याच दिवसांत कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं की बाहेरदेशी शर्यतीच्या मोटारींची काच काढून टाकतात आणि तिथे पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचा पत्रा बसवतात. वजन काचेच्या निम्मं, आणि हातोडा मारला तरी फुटत नाही. झालं! तो शब्द त्याच्या डोक्यात भुंग्यासारखा शिरला. पॉलिकार्बोनेट, पॉलिकार्बोनेट. घरातल्या स्वयंपाकीणबाईंनासुद्धा तो तोंडपाठ झाला. शेवटी मुंबईत प्लास्टिकचा व्यापार करणाऱ्या मामांनी असा एक पत्रा मिळवून दिला. कुठल्याशा कारखान्यासाठी नमुना म्हणून परदेशातून आला होता आणि गोदामात पडून होता. तो आगगाडीनं जळगावात आला त्या दिवशी पन्ना स्टेशनवर असा उभा होता की लोकांना वाटलं, नवरी यायची आहे.

तो पत्रा घेऊन तो आधी घरी गेला नाही, दाणाबाजारात गेला. धान्याच्या दोन पोत्यांवर पत्रा आडवा ठेवला, हातोडा मागवला आणि म्हणाला, "फोडा." कोणी पुढे होईना. मग धुळ्याकडून आलेला एक धिप्पाड गडी बाह्या सरसावून पुढे आला आणि त्यानं मनसोक्त घाव घातले. पत्रा नुसता दबायचा आणि पुन्हा वर यायचा. गडी घामाघूम झाला. "भाऊ, हाई काच शे का म्हशीनं कातडं?" तो म्हणाला. "मारी मारी हात दुखी गया, पन फुटत नही!" बाजार हसला, पन्ना सगळ्यांत जास्त हसला. दुकानाच्या ओट्यावर बापूजी उभे होते. ते हसले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "पाटील, हा मुलगा गादीवर कधी बसणार?" मी काय सांगणार?

हाच तो प्रश्न होता आणि पुढचं सगळं त्यातून झालं. पन्नाला गादीवर बसायचं नव्हतं. त्याला मोटारी दुरुस्त करायच्या होत्या, त्या हलक्या करायच्या होत्या, पळवायच्या होत्या. त्या काळात मोठ्या शहरांकडे अशा शर्यती भरत. नाशिकच्या पलीकडे युद्धाच्या वेळची एक ओसाड धावपट्टी होती. तिथे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शर्यत भरणार असल्याचं त्याला कळलं. जिंकणाऱ्याला मुंबईत मोटारींच्या एका मोठ्या कारखान्यात काम मिळण्याची आशा होती, कारण त्या कारखान्याचे लोक माणसं हेरायला तिथे येणार होते. घरात चार दिवस अबोला झाला. शेवटी बापूजींनी जेवता जेवता निकाल दिला. ते सूर्यास्तानंतर अन्न घेत नसत, त्यामुळे त्या घरातले सगळे मोठे निर्णय दिवसाउजेडीच व्हायचे. "देख पन्ना," ते म्हणाले, "एक वेळ जा. जिंकून आलास तर मोटार तुझी, मुंबई तुझी, मी एक शब्द बोलणार नाही. हरलास तर दिवाळीच्या आत मोटार विकायची आणि लक्ष्मीपूजनाला तू गादीवर." पन्नानं ताटावरून उठून त्यांच्या पायाला हात लावला. मी साक्षीदार होतो.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता सपाटा. मोटारीतून वजन काढायचं, एवढा एकच ध्यास. त्यानं दारांच्या आतलं अस्तर काढलं, सुटं चाक काढलं, गाद्या काढून त्यांच्या जागी गोणपाट घातलं. पॉलिकार्बोनेटचा पत्रा करवतीनं कापला, चौकटीत हातानं वाकवून बसवला, तेव्हा तो आनंदानं मोटारीभोवती उड्या मारत होता. मग कमी करायला काही उरलं नाही म्हणून त्यानं स्वतः तूप सोडलं. बाई हवालदिल झाल्या. "मोटार जड आहे तर मोटारीनं उपास करावा," त्या मला म्हणाल्या, "माझ्या मुलानं कशाला?" त्या रोज त्याच्या बाजरीच्या भाकरीवर गुपचूप तूप सोडायच्या आणि तो रोज ती भाकरी उचलून, हातात तोलून माझ्या ताटात टाकायचा. मी त्या महिन्यात चांगला बाळसं धरून आलो. हातात घेऊन वस्तू तोलण्याची ती खोड त्याला तेव्हा लागली आणि शेवटपर्यंत राहिली. खुर्ची, तांब्या, लग्नाची पत्रिका, काहीही हाती आलं की आधी तोलायचा आणि म्हणायचा, "अजून हलकं करता आलं असतं."

दसऱ्याला सकाळी मोटारीची पूजा करून आम्ही निघायचं ठरलं होतं. पन्ना आंघोळीला गेला होता, मी झेंडूच्या माळा ओवत अंगणात बसलो होतो की नाही… नाही, मी फुलं आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तेव्हा बाई पदर खोचून मोटारीजवळ उभ्या होत्या, चेहरा घामानं डवरलेला आणि समाधानानं फुललेला. पुढच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं होतं. मोटारीला हार घालून झाला, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. बाईंनी त्याच्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाल्या, "काच लख्ख केली रे बेटा. धूळ बसून बसून मळकट झाली होती." पन्ना घाईत होता. तो "बरं केलंस बाई" म्हणाला आणि लिंबं चिरडत मोटार रस्त्यावर आली.

एरंडोल सोडल्यावर तो म्हणाला, "पाटील, धुकं आहे का रे?" ऑक्टोबर महिना, लख्ख ऊन, धुकं कुठलं? पारोळ्याला त्यानं फडक्यानं काच पुसली. धुळ्यात चहाला थांबलो तेव्हा मोटार उन्हाकडे तोंड करून उभी राहिली आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. सगळ्या काचेवर गोल गोल ओरखडे होते, बारीक, एकात एक गुंतलेले. टपरीवाला किटली घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "भाऊ, हाई काच आंधयी व्हयनी का?" पन्नानं चौकटीच्या रबराच्या कडेला बोट घातलं. बोटावर राखाडी पूड आली. त्यानं ती अंगठ्यावर चोळली आणि म्हणाला, "बाईंनी राख लावली."

ज्यांनी कंदिलाच्या काचा घासल्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. गोवऱ्यांची राख चाळून घ्यायची आणि ओल्या फडक्यावर घेऊन हळूहळू गोल चोळायची. कंदिलाची काच, आरसा, देवघरातली तसबीर, सगळं त्या राखेनं असं उजळतं की बघत राहावं. त्या घरातली एकही काच बाईंनी कधी दुसऱ्या कुणाला घासू दिली नव्हती. दसऱ्याच्या दिवशी मुलाच्या मोटारीची काच त्या नोकराच्या हाती कशा देतील? त्यांनी सगळं त्यांच्या रीतीनं, मन लावून केलं होतं. फक्त ती काच नव्हती. हातोड्याला न जुमानणारा तो पत्रा राखेच्या कणांपुढे अगदी लोण्यासारखा होता. पन्नालाही ते माहीत नव्हतं, मासिकात ते लिहिलेलं नव्हतं. मी म्हणालो, "परत जाऊ. काढून टाकू." तो म्हणाला, "काच नसलेली मोटार शर्यतीत घेत नाहीत, नियम आहे." मग आम्ही दुकानातून खोबरेल आणून काचेला चोळलं. ओरखडे खरोखर दिसेनासे झाले. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. पुढच्या अर्ध्या तासात आग्रा रोडची सगळी धूळ त्या तेलावर येऊन बसली. ते धुवायला पुन्हा थांबलो. दुपारनंतर सूर्य समोर आला तसं समोरचं सगळं पांढरं झालं आणि पन्ना बाजूनं मान बाहेर काढून मोटार चालवत राहिला. तो पूर्ण रस्ताभर बाईंबद्दल एक वाकडा शब्द बोलला नाही. मी मात्र बोललो. त्यावर तो म्हणाला, "सकाळची धाव आहे, सूर्य पाठीमागे असेल. काळजी करू नकोस."

आणि तसंच झालं. सकाळी धावपट्टीवर ऊन पाठीमागून येत होतं. पन्नाची ती विटक्या रंगाची मोटार गोफणीतून सुटल्यासारखी गेली आणि त्यानं पहिल्या दोन्ही धावा जिंकल्या. मुंबईचे ते कारखानेवाले त्याच्याजवळ आले, मोटारीच्या काचेवर टिचकी मारून पाहिली आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी तेव्हा मनात त्याचं मुंबईतलं बिऱ्हाड मांडूनसुद्धा टाकलं. शेवटची धाव जेवणाच्या आधी व्हायची होती. पण प्रमुख पाहुणे आलेले नव्हते. पाहुणे आल्याशिवाय शेवटची धाव कशी सोडणार? आम्ही वाट बघतोय. पाहुणे आले, मग ते जेवले, मग त्यांचं भाषण झालं. मी आकाशाकडे बघत होतो, पन्ना जमिनीवर बसून गुडघा हलवत होता. सूर्य धावपट्टीच्या पश्चिमेच्या टोकाकडे सरकत होता आणि धावायचं तिकडेच होतं. मी त्याला म्हणालो, "मान बाहेर काढून चालव." तो म्हणाला, "तेवढ्या वेगात मान बाहेर काढता येत नाही, पाटील. डोळे उघडे राहत नाहीत."

झेंडा पडला. अर्ध्या अंतरापर्यंत तो पुढे होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना लोक दाटीनं उभे होते, आजूबाजूच्या खेड्यांतून आलेले, बायका पोरांना कडेवर घेऊन. दोरी नावापुरती होती. आणि अचानक पन्नाच्या मोटारीची चाकं किंचाळली, मोटार आडवी फिरली आणि धूळ उडवत थांबली. बाकीच्या मोटारी पुढे निघून गेल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या, हुर्यो केली. मी धावत गेलो. तो दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवून बसला होता. "सगळं पांढरं झालं रे," तो म्हणाला. "लोक कुठे संपतात आणि रस्ता कुठे सुरू होतो, दिसेना. एकदम बाईंनी फिरवलेलं फडकंच दिसायला लागलं, गोल गोल." एवढं बोलून तो उतरला, काचेवर कुंकवाच्या स्वस्तिकाचा थोडा डाग उरला होता, तो त्यानं बोटानं पुसला आणि म्हणाला, "घरी काही बोलायचं नाही."

घरी पोचलो तेव्हा बापूजी ओट्यावर होते, बाई दारात. बापूजींनी नुसतं वर पाहिलं. पन्ना म्हणाला, "हरलो. क्लच गेला." माझ्या तोंडात शब्द आलाच होता. पन्नाचा बूट माझ्या पायावर इतक्या जोरात पडला की मी कळवळलो. बापूजी ओट्यावरून उठले. मग म्हणाले, "मग ठरल्याप्रमाणे." बाई पुढे आल्या आणि त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "नीट दिसलं ना रे सगळं? काच नीट होती ना?" त्यांनी विचारलं. तो म्हणाला, "आरशासारखी होती, बाई." … आजही हे लिहिताना माझा हात थांबला. मी उठून पाणी पिऊन आलो. त्या क्षणी एक वाक्य बोललं गेलं असतं तर बापूजींनी त्याला दुसरी संधी दिली असती. ते शब्दाचे कडक होते, पण न्यायाचेही होते. एक वाक्य! आणि तो एकटा नव्हता, मीही तिथेच उभा होतो, पण ते वाक्य त्याचं होतं, माझं नव्हतं. माझा राग आहे तो हाच.

मोटार इंदूरकडचा एक माणूस घेऊन गेला. त्याला ती ओरखड्यांची काच नको होती, तो म्हणाला, काढून ठेवा. लक्ष्मीपूजनाला पन्ना गादीवर बसला. पांढरं धोतर, टोपी, कपाळावर टिळा. खालून गादीचं कापड हलत होतं. गुडघा!

पुढच्या पर्युषणात, शेवटच्या म्हणजे संवत्सरीच्या दिवशी मी जळगावात होतो. त्या दिवशी जैन घरांत लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. बाई तर घरातल्या नोकरांपुढेसुद्धा हात जोडायच्या. माझ्यापुढे जोडले, "पाटील, मिच्छामि दुक्कडम्." मला नेहमीसारखंच अवघडायला झालं. मग त्या पन्नाकडे वळल्या. त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. "जाणता-अजाणता माझ्याकडून काही चुकलं असेल, तुझं मन दुखावलं असेल बेटा…" त्या इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ त्याचे हात धरून उभ्या होत्या. तो वाकला, त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं आणि तेच शब्द त्यांना परत म्हणाला. बाहेर पडल्यावर रस्त्यात मी त्याच्यावर तुटून पडलो. "अरे, बाई स्वतः विचारत होत्या! आज तरी सांगायचंस. आजचा दिवसच त्यासाठी असतो ना?" तो भराभरा चालत होता, मला त्याच्यामागे पळावं लागत होतं. "ती माफी मागत होती, मी दिली," तो म्हणाला. "कशाची, ते सांगून काय करू? घरातली सगळी भांडी ती राखेनं घासते, पाटील. रोज सकाळी राख हातात घेतली की तिला ते आठवेल." पण त्याचं आयुष्य? त्याचं काय? हे मी विचारायच्या आत तो पुढच्या वळणावर पोचला होता.

ती काच त्यानं फेकली नाही. घराच्या माडीवर पश्चिमेकडे एक खिडकी होती. तिचं तावदान क्रिकेटच्या चेंडूनं फुटलं, तेव्हा त्यानं तो पत्रा कापून तिथे बसवला. "ही काही फुटायची नाही," म्हणाला. दुपारी चारच्या सुमाराला ऊन त्या खिडकीवर आलं की सगळे ओरखडे उजळायचे. बाई रोज त्या वेळेला माडीवर यायच्या आणि खिडकीवर जुन्या लुगड्याचा पडदा ओढायच्या. "ऊन फार येतं," म्हणायच्या. जळगावचं ऊन ते, कुणालाही पटेल. त्यांना कळलं होतं का? मला माहीत नाही. पन्नालाही माहीत नव्हतं. एकदा मी त्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मी विचारत नाही, ती सांगत नाही. चाललंय ते बरं आहे." बाई गेल्या त्यानंतर त्यानं तो पडदा काढून घडी करून ठेवून दिला आणि खिडकीसमोर आपली खुर्ची मांडली. दुकानातून चारला घरी येऊन तो तिथे थोडा वेळ बसायचा. सुनेला ताकीद होती, ही काच फक्त ओल्या मऊ फडक्यानं पुसायची. राख तर त्या घरातून केव्हाच गेली होती, तरी तो सांगायचाच.

आमची शेवटची भेट त्याच माडीवर झाली. आजारानं तो इतका वाळला होता की मला बघवेना. मी त्याला उठून बसायला आधार दिला, तर हाताला काही लागेचना. त्यानं ते ओळखलं. "तोललंस ना?" तो म्हणाला आणि हसला. "आता बरोबर वजन झालं, पाटील. आता मोटार पाहिजे होती." मी म्हणालो, "गप्प बस." तो म्हणाला, "जन्मभर तेच तर केलं." त्याचा गुडघा चादरीखाली हलत होता, अगदी हळू, पण हलत होता.

परवा पुन्हा जळगावला गेलो होतो. सूनबाईंनी चहा आणला आणि म्हणाल्या, "काका, वर बसा, तिथं वारा असतो." त्याची खुर्ची तशीच होती. मी कप हातात घेऊन फेऱ्या मारल्या, आणि मग काय वाटलं कोण जाणे, त्या खुर्चीत बसलो. बसलो, म्हणजे खरोखर बसलो. खिडकीतून खाली रस्ता दिसत होता, सायकली, हातगाड्या, समोरचं किराणा दुकान. मग ऊन आलं. आधी एका कोपऱ्यात एक वर्तुळ उजळलं, मग त्याच्या शेजारी दुसरं, आणि बघता बघता काच पांढरी झाली, रस्ता गेला, दुकान गेलं. उरला तो फक्त बाईंचा हात, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू झालेला, मध्ये कुठेही न थांबलेला, एक बोटभर जागासुद्धा न सोडलेला. इतक्या वर्षांत मी तो असा समोर बसून कधी बघितला नव्हता. पन्ना रोज बघत होता.

चहा निवला होता. माझा पाय केव्हा खाली दाबला गेला, मला कळलंसुद्धा नाही. तिथं ब्रेक नव्हता, आणि तसं ओरडून सांगणारंही कुणी नव्हतं. मी पाय उचलला नाही, ऊन उतरेपर्यंत तसाच दाबून धरला.